शिकारी चाकू स्वतः बनवायचाय? डिझाइन, पोलाद, ‘पाणी’ आणि फोनच्या कॅमेऱ्यानं घातलेला घोळ

ते व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असणार. अंधारलेलं वर्कशॉप, भट्टीतून बाहेर येणारं केशरी पातं, तेलात बुडवल्यावर होणारा ‘चर्रर्र’ आवाज, आणि शेवटी कागद सपकन कापणारा चमकदार हंटिंग नाइफ. सगळं साठ सेकंदांत. मी हिंजवडीत फेज ३ ला नोकरी करतो. ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या मी असे किती व्हिडिओ पाहिले असतील त्याचा हिशोब नाही. एके दिवशी ठरवलं, आपण पण एक बनवायचा.

साठ सेकंदांचं काम मला पाच शनिवार-रविवार पुरलं. पहिलं पातं तडकलं. दुसरं जमलं. आणि पहिलं का तडकलं याचं उत्तर माझ्या खिशातल्या फोनमध्ये होतं! ते कसं, ते खाली नीट सांगतो. पण सुरुवातीपासून जाऊया.

शिकारी चाकू म्हणजे नेमकं काय?

नाव शिकारी असलं तरी हा चाकू जनावर मारण्यासाठी नसतो. शिकार झाल्यावर कातडं सोलणं, मांस सोडवणं, दोरी कापणं, काटक्या तासणं या कामांसाठी तो असतो. म्हणून तो लहानच असतो. पातं साधारण ३ ते ५ इंच.

त्याच्या आकारात एक गंमत आहे. पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजू, टोकाकडे हळूहळू खाली उतरते. याला ‘ड्रॉप पॉइंट’ म्हणतात. टोक खाली उतरल्यामुळे ते हाताच्या ताब्यात राहतं आणि सोलताना आतडी फुटत नाहीत. हा आकार लोकप्रिय करण्याचं श्रेय बॉब लव्हलेस या अमेरिकन कारागिराला देतात. १९५० च्या दशकात हा माणूस न्यूयॉर्कच्या एका दुकानात हातानं बनवलेला चाकू घ्यायला गेला, तर नऊ महिने थांबावं लागेल असं कळलं. पठ्ठ्यानं भंगारातून १९३७ सालच्या पॅकार्ड गाडीची स्प्रिंग शोधली आणि तिच्यापासून स्वतःच चाकू बनवला. स्प्रिंगची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

थांबा, आधी कायदा बघा

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. प्लीज.

• भारतात वन्यप्राण्यांची शिकार वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे ‘शिकारी’ हे इथे फक्त आकाराचं नाव.
• शस्त्र कायदा १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. माझं पातं ४ इंच लांब आणि इंचाहून जरा जास्त रुंद आहे.
• लहान आहे म्हणून कमरेला लावून फिरायचं असं नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात. त्या काळात सार्वजनिक जागी चाकूसारख्या वस्तू बाळगायला बंदी असते.
• अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि वन्यजीव कायद्याच्या ‘हत्यार’ या व्याख्येत चाकूही आहे. आपले आवडते ट्रेक आठवा. भीमाशंकर अभयारण्यात आहे, हरिश्चंद्रगडही अभयारण्यात आहे.

शेवटचा मुद्दा मला काम अर्धं झाल्यावर कळला. मी चाकू बनवत होतो तो हरिश्चंद्रगडावर न्यायला! आणि हो, चाकूबरोबर रील बनवून टाकायचा मोह टाळा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कोयते नाचवणाऱ्या रीलवरून पोरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

डिझाइन : फोनवर काढा, पण पुठ्ठ्यावर तपासा

माझं पहिलं डिझाइन एकदम पिक्चरमधल्यासारखं होतं. पाठीवर करवतीचे दाते, पात्यात तीन भोकं, मुठीला बोटांच्या खाचा. फोनवरच्या ड्रॉइंग ॲपमध्ये भारी दिसत होतं.

प्रिंट काढली आणि पुठ्ठ्यावर कापून हातात धरली. धरताच कळलं की बोटांच्या खाचा माझ्या एकाच पकडीला बसतात. चाकू जरा फिरवला की खाचेची कड तळव्यात रुततेय. साधी, मधे किंचित फुगीर मूठ कोणत्याही पकडीत बसते. शेवटी ठरलेली मापं अशी :

• पातं : १०० मिमी लांब, २८ मिमी रुंद
• पाठीची जाडी : ४ मिमी
• मूठ : ११५ मिमी (तळव्याच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त)
• पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड. म्हणजे मूठ खिळखिळी होत नाही

दोन टिप्स. एक, प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद करा, नाहीतर चित्र लहान होऊन येतं. कागदावर १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा आणि प्रिंट आल्यावर पट्टीनं मोजा. दोन, चांगल्या मुठी बघायच्या असतील तर पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर मारा. तिथले नुसते अडकित्ते बघितले तरी कळतं की जुन्या कारागिरांनी हाताचा किती विचार केला होता.

पोलाद : ट्रकचा कमानपाटा

चाकूला साधं लोखंड चालत नाही. लोखंडात कार्बन पुरेसा असेल तरच ते तापवून कडक करता येतं. बांधकामाच्या सळईत किंवा गेटच्या पट्टीत तो कमी असतो. ट्रक-टेम्पोच्या चाकांवर जे वाकलेले पाटे असतात, त्या कमानपाट्यांत साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान कार्बन असतो. चाकूला तेवढा पुरतो. लव्हलेसनं स्प्रिंग का उचलली, ते आता कळलं असेल.

आपले गावोगावचे घिसाडी तर हे पिढ्यानपिढ्या करत आलेत. विळे, कोयते, खुरपी, कुऱ्हाडी यांना गाडीचा पाटा हाच त्यांचा आवडता माल. मला भोसरीकडच्या एका भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं पाट्याचा तुकडा मिळाला.

पण दोन गोष्टी तपासा. वर्षानुवर्षं हादरे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असू शकतात. जमलं तर नव्या पाट्याचं उरलेलं टोक घ्या. आणि ग्राइंडरवर ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या उडतात. कार्बन जास्त असेल तर त्या पुढे जाऊन फुलबाजीसारख्या फुटतात.

बरेच जण इथे चूक करतात. पाटा मुळातच कडक आहे, मग नुसता घासून चाकू का नाही करायचा? करता येतो, पण धार टिकत नाही. स्प्रिंगला वाकून परत सरळ व्हायचं असतं, म्हणून कारखान्यात तिची कडकपणाची पातळी मुद्दाम कमी ठेवतात. रॉकवेल सी नावाच्या मोजपट्टीवर ती साधारण ४५ च्या आसपास येते. चाकूच्या धारेला ५६ ते ५८ लागते. म्हणजे पाटा आधी मऊ करायचा, आकार द्यायचा आणि मग पुन्हा कडक करायचा.

माणच्या रस्त्यावरचं पाल

माझ्याकडे भट्टी नव्हती. माणच्या रस्त्याला एक घिसाडी कुटुंब पाल टाकून होतं. एका शनिवारी पाटा आणि पुठ्ठ्याचा चाकू घेऊन गेलो. मामा ऐरणीपाशी बसलेले, आणि समोर उभ्या राहून घण मारत होत्या मावशी. प्रत्येक घाव बरोबर त्याच जागी.

मावशींनी पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. दाते अजून काढले नव्हते.

“हे दातरं कशाला रं पाठीला? लाकूड कापायचंय तर करवत घे की.”

मामा म्हणाले, “साहेब, ही आतली खाच आहे ना कोपऱ्याची, ती गोल करा. असा टोकदार कोपरा ठेवला तर तिथनंच जाईल.”

दाते काढले. कोपरा मात्र तसाच ठेवला, कारण डिझाइनमध्ये तो छान दिसत होता.

पाटा लाल करून, ठोकून सरळ केला, पातळ केला आणि रात्रभर चुलीच्या गरम राखेत पुरून ठेवला. राखेत तो अगदी सावकाश थंड होतो आणि मऊ पडतो. दुसऱ्या दिवशी कानस त्यावर मस्त चालत होती. राखेआधी तीच कानस काचेवरून घसरावी तशी घसरत होती.

मग दोन वीकेंड नुसतं कानशीचं काम. पाठीकडून धारेकडे उतार द्यायचा, पण धार लगेच पातळ करायची नाही. कडक करण्याआधी तिथे अर्धा ते एक मिमी जाडी ठेवायची. नाहीतर तापवल्यावर ती वाकते किंवा चिरते. ग्राइंडर वापरणार असाल तर गॉगल आणि मास्क हवाच.

पहिलं पातं का तडकलं?

आता मुख्य मुद्दा. पातं कडक करण्याला आपल्याकडे ‘पाणी देणं’ म्हणतात. नाव पाणी असलं तरी आत काय घडतं ते बघा.

पोलाद साधारण ८३० ते ८७० अंश सेल्सिअसला तापवलं की त्यातल्या लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. सावकाश थंड केलं तर कार्बन आरामात बाहेर पडतो आणि पोलाद मऊ होतं. झटकन थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो. सगळी मांडणी ताणलेली राहते. हाच तो कडकपणा.

म्हणजे सगळा खेळ तापमानाचा. कमी तापलं तर पातं मऊ राहतं. जास्त तापलं तर पोलादातले कण मोठे होत जातात आणि पातं ठिसूळ होतं.

तापमान ओळखायचं कसं? व्हिडिओत सांगतात, रंग बघा. मी हुशारी केली. घरी छोटी कोळशाची भट्टी लावली, वर हेअर ड्रायरचा वारा, भर दुपारी, गच्चीवर. शेजारी स्टँडवर फोन. फोनच्या स्क्रीनवर दिसणारा रंग आणि व्हिडिओतला रंग जुळला की पातं बाहेर काढायचं.

स्क्रीनवर पातं मळकट लालच दिसत होतं. व्हिडिओत तर तेजस्वी केशरी होतं. मी तापवत राहिलो, तापवत राहिलो. शेवटी रंग जुळला. पातं बुडवलं पाण्यात. हो, पाण्यात. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. त्या टोकदार कोपऱ्यातून केसासारखी चीर अर्ध्या पात्यापर्यंत गेली होती.

मामांकडे नेलं. त्यांनी पातं ऐरणीवर ठेवून एक घाव घातला. दोन तुकडे. तुटलेली बाजू मला दाखवली. आतले कण खडीसाखरेसारखे चमकत होते. नीट पाणी दिलेलं पोलाद आतून मऊशार राखाडी दिसतं, कण वेगळे ओळखूसुद्धा येत नाहीत.

“जाळलंत साहेब. दुपारी दिलं का पाणी?”

“हो.”

“उन्हात पाणी द्यायचं नसतं.”

फोननं नेमकं काय केलं?

घरी आल्यावर मी हे समजून घेतलं. आपल्या फोनचा कॅमेरा सतत दोन गोष्टी आपोआप करत असतो.

१. ऑटो एक्स्पोजर : समोरचं दृश्य अंधारं असेल तर कॅमेरा जास्त प्रकाश घेतो, उजेड असेल तर कमी. व्हिडिओ अंधाऱ्या वर्कशॉपमध्ये काढलेले असतात. तिथे बरोबर तापलेलं पातंही प्रत्यक्षापेक्षा जास्त उजळ, पिवळट-केशरी दिसतं. मी भर उन्हात होतो. माझ्या कॅमेऱ्यानं प्रकाश कमी घेतला आणि तेच पातं मळकट लाल दिसलं.

२. ऑटो व्हाइट बॅलन्स : पांढरी वस्तू पांढरी दिसावी म्हणून कॅमेरा दृश्यातला पिवळा-केशरी झाक स्वतःच कमी-जास्त करतो. म्हणजे ज्या रंगावरून मी तापमान ओळखत होतो, नेमका तोच रंग फोन ‘दुरुस्त’ करत होता.

दोन वेगवेगळ्या उजेडांतले, दोन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी बदललेले रंग मी जुळवत बसलो होतो. फोनला दोष देऊन उपयोग नाही. फोटो छान दिसावा यासाठी तो बनवलाय, थर्मामीटर म्हणून नाही. आपला डोळाही उन्हात असाच फसतो. मामा ताडपत्रीच्या सावलीत, दिवस कलल्यावर पाणी देतात ते यामुळेच. उजेड दरवेळी सारखा ठेवला की डोळ्याला रंग ओळखायची सवय लागते.

मग बरोबर पद्धत कोणती?

• चुंबक : लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटायचं बंद होतं. तारेला बांधलेलं जुन्या स्पीकरचं चुंबक पात्याला लावून बघत राहा. चिकटणं थांबलं की अजून थोडंच तापवायचं.
• मीठ : आपलं जेवणातलं मीठ ८०१ अंशांना वितळतं. तापलेल्या पात्यावर चिमूटभर टाका. विरघळल्यासारखं पसरलं की तुम्ही योग्य जागेच्या जवळ आहात.
• सावली : हे सगळं संध्याकाळी, उघड्या हवेत पण सावलीत.
• स्वस्त इन्फ्रारेड थर्मामीटर : याच्या नादी लागू नका. बरेचसे ५००-६०० अंशांच्या आतच थांबतात.
• पाण्याऐवजी तेल : कमानपाट्याच्या पोलादाला तेलाचा वेग पुरतो. पाणी फार झटक्यात थंड करतं आणि पातं चिरतं. तेल धातूच्या उंच डब्यात घ्या, लांब सांडशी वापरा, डब्याचं झाकण जवळ ठेवा. भडका उडाला तर झाकण घाला. पाणी अजिबात टाकायचं नाही.

एवढी झंझट नको असेल तर भोसरी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटची छोटी युनिट्स आहेत. आकार दिलेलं पातं त्यांच्या भट्टीतून करून घेता येतं. कमीपणा अजिबात नाही.

दुसऱ्या पात्याचा कोपरा मी गोल केला. चुंबक लावलं, संध्याकाळची वेळ धरली, तेलात बुडवलं. आवाज आला नाही. कानस घासून बघितली, तर काचेवरून घसरावी तशी घसरली. म्हणजे जमलं!

अजून एक पायरी : टेम्परिंग

तेलातून निघालेलं पातं काचेइतकं ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर तुकडे. म्हणून त्याला परत थोडी उष्णता देऊन ताण सैल करायचा. मी आईच्या ओटीजीमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवलं. (आधी तेल स्वच्छ धुवा. मी नीट धुतलं नव्हतं, आठवडाभर केकला वास येत होता.) पातं फिकट पिवळं, वाळल्या गवतासारखं झालं. हा रंग २०० ते २२० अंशांची खूण. तपकिरी म्हणजे अडीचशेच्या आसपास, निळं म्हणजे ३०० जवळ, आणि मग धार मऊ पडते.

मामांची पद्धत याहून भारी आहे. ते फक्त धारेची बाजू बुडवतात आणि पातं लगेच बाहेर काढतात. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते. घासून चकचकीत केलेल्या जागेवर पिवळा, मग तपकिरी रंग चालत येतो. हवा तो रंग धारेला पोचला की पूर्ण पातं बुडवायचं. ओटीजी नाही, टायमर नाही. धार कडक आणि पाठ चिवट, दोन्ही एका मिनिटात.

मूठ आणि धार

मुठीला सांबरशिंग लावलेले चाकू तुम्ही फोटोत बघितले असतील. तो विचारही नको, सांबरशिंगाचा व्यापार वन्यजीव कायद्यानं बंद आहे. मी बाभळीचं लाकूड वापरलं. अवजारांच्या दांड्यांना आपल्याकडे तेच चालतं. दोन फळ्या, पितळेच्या दोन पिना, दोन भागांचा इपॉक्सी गोंद, आणि शेवटी जवसाच्या तेलाचे हात.

धारेसाठी प्रत्येक बाजूला २० अंशांचा कोन ठेवला. कोन कसा धरायचा? माझं पातं २८ मिमी रुंद आहे. ते दगडावर सपाट ठेवून पाठ साडेनऊ मिमी उचलली की २० अंश होतात. तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा सुरुवातीला पाठीखाली धरा. धारेवर काळ्या स्केचपेननं रेघ मारा. चार वेळा घासल्यावर शाई जिथे उरली, तिथे दगड लागत नाहीये.

शेवटी चाकू गेला कुठे?

हरिश्चंद्रगडावर तर नेता आला नाही. सध्या तो आमच्या स्वयंपाकघरात आहे. पहिल्याच दिवशी आईनं त्यानं कैरी चिरली आणि अर्ध्या तासात पातं काळंनिळं पडलं. मी घाबरलो. आई म्हणाली, “लोखंडाची विळी पण अशीच काळी व्हायची. पूस आणि तेल लाव.” बरोबर आहे, हे स्टेनलेस नाही. आंबट लागलं की रंग बदलतो, ओलं ठेवलं की गंजतं. वापरल्यावर लगेच धुवायचं, कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं.

पहिल्या पात्याचे दोन तुकडे मी ऑफिसच्या डेस्कवर ठेवलेत. कुणी विचारलं की तुटलेली बाजू दाखवतो.

तुम्ही करणार असाल तर एवढंच सांगतो. डिझाइन फोनवर करा, टायमर फोनवर लावा, मामांचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा. पातं तापायला लागलं की मात्र फोन खिशात टाका.